पोटावर प्रोब टेकवण्याआधी : डमीवर सोनोग्राफी शिकतात ती कशी आणि कशासाठी

अलिबाग आणि ओरोस इथं २०२१-२२ मध्ये, तर रत्नागिरीत २०२३-२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. डेरवणचं महाविद्यालय त्याआधीपासून आहे. डॉक्टर व्हायचं तर मुंबई, मिरज नाहीतर कोल्हापूर, हे कोकणातलं जुनं गणित त्यामुळे बदलायला लागलं आहे. या महाविद्यालयांच्या बातम्यांबरोबर कधी कधी ‘स्किल लॅब’चे फोटो छापून येतात. टेबलावर रबराचं धड ठेवलेलं, एखादी विद्यार्थिनी त्याच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब (हातात धरायची मूठ) फिरवते आहे आणि समोरच्या पडद्यावर काळं-पांढरं चित्र हलतं आहे. फोटो बघून घरात जो प्रश्न निघतो तो अगदी रास्त आहे : बाहुलीवर शिकलेला डॉक्टर माझ्या पोटात काय बघणार?

बाहुलीवर मुख्यतः हात तयार होतो. सोनोग्राफीत हात तयार नसेल तर पुस्तकातलं कितीही ज्ञान असलं तरी पडद्यावर बघण्यासारखं काही येतच नाही. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये चित्र यंत्र काढतं आणि डॉक्टर ते वाचतो. सोनोग्राफीत चित्र काढणारा आणि वाचणारा बहुतेक वेळा एकच असतो, आणि तोही त्याच क्षणी. म्हणून ती शिकवण्याची तऱ्हा वेगळी असावी लागते.

आवाजाने बघायचं म्हणजे काय

हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदरातल्या ट्रॉलरवर तांडेलासमोर, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखासमोर, फिश फाइंडर असतो. होडीच्या तळातून पाण्यात आवाज सोडला जातो, तो माशांच्या थव्यावर किंवा तळावर आपटून परत येतो आणि परत यायला किती वेळ लागला यावरून खोली कळते. सोनोग्राफीचं तत्त्व हेच. गंमत म्हणजे आवाजाचा वेगही जवळपास सारखाच आहे : समुद्राच्या पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर आणि शरीराच्या मऊ भागांत सुमारे १,५४०. दहा सेंटिमीटर खोल असलेल्या मूत्रपिंडावरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा साधारण साडेसात हजारावा भाग पुरतो.

फरक आहे तो आवाजाच्या पट्टीत. आपल्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. फिश फाइंडर साधारण ५० हजार किंवा दोन लाख कंपनांवर चालतो. पोटाच्या सोनोग्राफीत २० ते ५० लाख कंपनं वापरतात. कंपनं जास्त तेवढं चित्र बारीक, पण आवाज खोल जात नाही. खोल पाण्यात ५० हजारांचा आणि उथळ पाण्यात दोन लाखांचा पर्याय लावणाऱ्या तांडेलाला हे वेगळं सांगावं लागत नाही. डॉक्टरही तसंच करतात. पोटासाठी गोलसर तोंडाचा, कमी कंपनांचा प्रोब घेतात. मानेतली शीर किंवा हातातली रक्तवाहिनी बघायची तर सपाट तोंडाचा, सत्तर लाख-कोटीच्या घरातल्या कंपनांचा प्रोब घेतात. प्रोब म्हणजे हातात धरायची ती मूठ. आवाज सोडणारे आणि ऐकणारे स्फटिक तिच्याच तोंडाशी असतात.

हवा मात्र या आवाजाची वैरी. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी जवळपास सगळा आवाज तिथूनच माघारी येतो. पोटावर गार जेल चोपडतात ते त्यासाठी.

वैद्यकीय वापराची ही वाट मुळात लोखंडावरून आली. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी धातूतले दोष शोधायचं कारखान्यातलं यंत्र काढून टाकलेल्या गाठींवर लावून पाहिलं. १९५८ साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि आजची प्रसूतिपूर्व सोनोग्राफी तिथून पुढे वाढली.

फणस आडवा कापा, मग उभा कापा

पडद्यावर दिसतं ते पोटाचं चित्र म्हणून आपण बघतो, पण खरं तर तो पोटाचा एक पातळ काप असतो, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा. फणस आडवा कापला तर मधोमध गोल पाव (फणसाचा मधला दांडा) आणि भोवती गरे दिसतात. तोच फणस उभा कापला तर पाव लांब पट्टीसारखी दिसते. फणस एकच, सुरी फिरली की चित्र बदललं. प्रोब ही अशी न कापणारी सुरी आहे. पोटातली महाधमनी आडव्या कापात काळं वर्तुळ दिसते आणि प्रोब ९० अंशांत फिरवला की तीच काळी नळी होते.

शिकणाऱ्याची खरी अडचण इथे सुरू होते. पडदा सपाट, पोट तीन मितींचं, आणि दोघांना जोडणारा दुवा म्हणजे स्वतःचं मनगट. मनगट दोन-चार अंशांनी झुकलं की मूत्रपिंड पडद्यावरून गायब होतं. नवशिका गडबडून प्रोब उचलतो आणि दुसरीकडे ठेवतो, म्हणजे हाती आलेला धागाही सोडून देतो.

म्हणून शिकवताना हाताच्या पाच हालचाली सुट्या करून शिकवतात : प्रोब सरकवणं, जागेवर ठेवून झुकवणं, टोकांच्या दिशेने डोलवणं, अक्षाभोवती फिरवणं आणि दाबणं. नियम असा की एका वेळी एकच हालचाल करायची. अनुभवी डॉक्टर तिन्ही-चारही हालचाली एकदम करतो, पण शिकाऊ तसं करायला गेला की चित्र कशामुळे बदललं हे त्याला उमगतच नाही. प्रोबच्या एका बाजूला एक खूण असते. ती पेशंटच्या डोक्याकडे किंवा उजवीकडे आहे ना, हे आधी बघायचं. खूण उलटी धरली तर उजवं-डावं बदलतं, आणि पडदा बघून हे चटकन लक्षात येत नाही.

यात यंत्राची बटणं भर घालतात. किती खोलवर बघायचं ते ‘डेप्थ’, आणि परत आलेला आवाज किती वाढवून दाखवायचा ते ‘गेन’. गेन जास्त झाला तर काळं पाणी करडं दिसतं आणि करडं यकृत पांढरं. हात, बटणं, शरीररचना, आणि समोर कण्हणारा माणूस, असं सगळं पहिल्याच दिवशी एकत्र आलं तर कोणाचीही बुद्धी थिजेल. गाडी चालवायला शिकवताना पहिला धडा कोणी कुंभार्ली घाटात देत नाही. आधी मोकळ्या मैदानात क्लच सोडायला शिकवतात. सिम्युलेटर हे ते मैदान. सिम्युलेटर म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी सरावासाठी वापरायची नक्कल. ती रबराची असो, जेलीची असो किंवा संगणकातली.

नक्कल दोन जातींची

पहिली जात ‘फँटम’. हा कृत्रिम मांसाचा ठोकळा असतो. त्यात रक्तवाहिनीसारख्या नळ्या, गाठीसारखे गोळे किंवा पाण्याच्या पिशव्या बसवलेल्या असतात. त्यावर खऱ्या सोनोग्राफी मशीनचा खरा प्रोब फिरवतात. सुई टोचायचा सराव करायचा असेल तर यासारखं दुसरं साधन नाही.

दुसरी जात संगणकी. रबराच्या धडात किंवा शेजारच्या डब्यात चुंबकीय क्षेत्र तयार करणारा भाग असतो आणि नकली प्रोबमध्ये ते ओळखणारा सेन्सर. प्रोब कुठे आहे याची तीन मापं आणि कसा झुकला आहे याची तीन, अशी सहा मापं संगणकाला सतत मिळत राहतात. संगणकात एका संपूर्ण पोटाचं किंवा हृदयाचं त्रिमित चित्र साठवलेलं असतं. ते कधी खऱ्या पेशंटच्या तपासणीतून घेतलेलं असतं, कधी संगणकावर रचलेलं. प्रोब जिथे आणि जसा आहे तिथला काप संगणक तत्क्षणी पडद्यावर आणतो. आवाज कुठेच सोडला जात नाही. यात सगळ्यात मोठी सोय ही की फुटलेली प्लीहा, गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा, हृदयाभोवती साचलेलं पाणी असे महिनोन्‌महिने समोर न येणारे आजार एका दुपारी दहा वेळा बघता येतात.

संगणकी यंत्राच्या बाबतीत नेहमी होणारी एक चूक सांगायलाच हवी. चुंबकीय सेन्सरला लोखंडाचा त्रास होतो. धड रुग्णालयातल्या लोखंडी खाटेवर किंवा स्टीलच्या ट्रॉलीवर ठेवलं की प्रोब एकीकडे आणि चित्र भलतीकडे असं होतं. विद्यार्थी बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. लाकडी टेबल घ्यावं, जवळ लोखंडी स्टूलही नको. किनाऱ्यावरच्या दमट हवेत रबराच्या फँटमला बुरशी लागते. दर वापरानंतर जेल पुसून, कोरडं करून, झाकून ठेवणं हे तिथल्या रोजच्या कामात धरलं पाहिजे. नकली प्रोबची वायर मुठीपाशी दुमडून ठेवली की पहिल्यांदा तिथेच तुटते.

चायनाग्रास आणि इसबगोलचं पोट

संगणकी सिम्युलेटरची किंमत लाखांत जाते. फँटम मात्र काही शे रुपयांत स्वयंपाकघरात तयार होतो, आणि सुईचा सराव करायला तो खरोखर चांगला आहे. जगभर यासाठी जिलेटीन वापरतात, पण कोकणात ते एप्रिल-मेमध्ये दगा देतं. जिलेटीन ३०-३५ अंशांच्या आसपास वितळायला लागतं, म्हणजे रत्नागिरीच्या दुपारी पंखा बंद पडला की पोटाचं सार झालंच म्हणून समजा. चायनाग्रास समुद्रातल्या लाल शेवाळापासून बनतं. ते ४० अंशांच्या खाली आलं की घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही. म्हणून इथे चायनाग्रासच घ्यावं.

प्रमाण असं : एक लिटर पाण्याला ३० ग्रॅम चायनाग्रासची पूड. थंड पाण्यात कालवून मग उकळायचं, तळाशी लागू न देता ढवळायचं, एकही कण दिसता कामा नये. कण राहिले तर पडद्यावर पांढरे ठिपके दिसतात. गॅस बंद करून थोडं निवू द्यायचं आणि दोन-तीन मोठे चमचे इसबगोलची भुशी थोडी थोडी भुरभुरत घालायची. भुशी नसेल तर जेली पडद्यावर पाण्यासारखी निव्वळ काळी दिसते. भुशीमुळे आवाज सगळीकडे विखुरतो आणि यकृतासारखा दाणेदार करडा पोत येतो. घोटायचं नाही, रवी तर मुळीच लावायची नाही, कारण प्रत्येक बुडबुडा म्हणजे हवा आणि हवेखाली काळी सावली. वर आलेला फेस चमच्याने काढून टाकायचा.

प्लास्टिकच्या डब्यात तीन सेंटिमीटरचा पहिला थर ओतून घट्ट होऊ द्यायचा. त्यावर ‘रक्तवाहिनी’ ठेवायची : हातमोज्याचं कापलेलं बोट खाण्याचा लाल रंग घातलेल्या पाण्याने काठोकाठ भरायचं आणि पाण्याखालीच गाठ मारायची, म्हणजे आत हवा राहत नाही. दुसरा थर हाताला सोसवेल इतपत गरम असतानाच ओतायचा. उकळता ओतला तर खालचा थर विरघळतो आणि मोज्याचं बोट तरंगून वर येतं. फार गार झालेला ओतला तर दोन थरांत हवेची फट राहते आणि पडद्यावर आडवी पांढरी रेघ उमटते. फ्रीजमध्ये झाकून ठेवला तर आठवडाभर सराव करता येतो. सुया टोचून टोचून आत हवेच्या रेघा साठल्या की पुन्हा उकळून नवा करायचा. काळी-हिरवी बुरशी दिसली की फेकून द्यायचा.

या ठोकळ्यावर शिकायची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सुईचं टोक ओळखणं. रक्तवाहिनी आडव्या कापात बघताना सुई पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसते. सुईच्या अंगाचा कोणताही भाग कापात आला तरी तसाच ठिपका दिसतो. नवशिक्याला वाटतं हे टोक, आणि टोक मात्र सेंटिमीटरभर पुढे जाऊन वाहिनीची मागची भिंत फोडून बसलेलं असतं. मानेतल्या शिरेमागे रोहिणी असते, तिथे ही चूक महागात पडते. उपाय असा : ठिपका दिसला की सुई थांबवायची, ठिपका दिसेनासा होईपर्यंत प्रोब किंचित पुढे झुकवायचा, मग ठिपका पुन्हा येईपर्यंत सुई पुढे. प्रोब, सुई, प्रोब, सुई अशी पावलं टाकत जायचं. सिरिंजमध्ये लाल पाणी आलं की पोचलो. पुढच्या भिंतीतूनच पोचलो की मागची फोडून, हे डबा उलटा करून बघता येतं.

नारळावरून पडलेला माणूस आणि चार जागा

संगणकी डमीवर नेमकं काय करतात, ते एका तपासणीच्या उदाहरणाने बघू. नारळावरून किंवा आंब्यावरून पडलेला माणूस, किंवा मुंबई-गोवा महामार्गावरचा अपघात. बाहेरून जखम दिसत नाही पण पोटात रक्तस्राव होत असू शकतो. अशा वेळी ‘फास्ट’ नावाची तपासणी करतात. चार ठिकाणी प्रोब ठेवून, मोकळं रक्त साचलं आहे का, एवढंच बघायचं. मोकळं रक्त पडद्यावर काळं दिसतं.

पहिली जागा उजवीकडे, काखेच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर, खालच्या बरगड्यांपाशी. खूण डोक्याकडे. यकृत आणि उजवं मूत्रपिंड यांच्यामधली फट दिसली पाहिजे. बरगडीची काळी सावली आडवी आली तर प्रोब थोडा फिरवून दोन बरगड्यांमधल्या फटीत समांतर बसवायचा. बहुतेक विद्यार्थी फटीचा मधला भाग बघून ‘काही नाही’ म्हणतात. थोडंच रक्त असेल तर ते आधी यकृताच्या खालच्या टोकाशी साचतं, म्हणून प्रोब खाली सरकवून ते टोक दिसेपर्यंत तपासणी पुरी झाली असं मानायचं नाही.

दुसरी जागा डावीकडे, प्लीहेपाशी. प्लीहा यकृतापेक्षा वर आणि पाठीकडे असते. इथली चूक ठरलेली, प्रोब फार पुढे ठेवला जातो. शिकवणाऱ्याचं नेहमीचं वाक्य असतं : बोटांची पेरं गादीला टेकली पाहिजेत. आणि इथे प्लीहा-मूत्रपिंडाच्या फटीवर समाधान मानायचं नाही. रक्त आधी प्लीहेच्या वर, श्वासपटलाखाली साचू शकतं.

तिसरी जागा ओटीपोट. मूत्राशय भरलेलं असतानाच नीट दिसतं, म्हणून लघवीची नळी घालण्याआधी बघायचं. भरलेल्या मूत्राशयामागचा भाग नेहमीपेक्षा उजळ दिसतो आणि त्या उजेडात पातळ रक्त लपतं, तेव्हा गेन कमी करायचा. चौथी जागा छातीच्या हाडाखाली. प्रोब जवळजवळ आडवा करून डाव्या खांद्याकडे रोखायचा आणि हृदयाभोवती पाणी आहे का बघायचं.

वाढीव तपासणीत फुप्फुसंही बघतात. निरोगी फुप्फुस श्वासाबरोबर छातीच्या आवरणाखाली सरकत असतं. यंत्राच्या एका विशिष्ट रीतीत हे चित्र वर सरळ रेघा आणि खाली दाणेदार वाळू असं दिसतं, आणि जगभरचे डॉक्टर त्याला समुद्रकिनाऱ्याची खूण म्हणतात. फुप्फुसाबाहेर हवा साचली की सरकणं थांबतं, वाळू जाते आणि वरपासून खालपर्यंत नुसत्या समांतर रेघा उरतात. कोकणातल्या मुलाला ही खूण एकदा दाखवली की तो विसरत नाही.

याला एक मर्यादा आहे, आणि शिकवताना ती पहिल्याच तासाला सांगावी लागते. पाव-अर्धा लिटर रक्त साचेपर्यंत ही तपासणी कोरी येऊ शकते, आणि आतड्याची इजा किंवा पोटामागचा रक्तस्राव तिच्यात सहसा दिसतच नाही. म्हणून पहिली तपासणी कोरी आली तर काही वेळाने ती पुन्हा करायची.

“आजवर पेशंटवरच शिकले ना सगळे?”

शिकले, आणि त्यातले कितीतरी उत्तम डॉक्टर झाले. पण त्या वाटेने पहिल्या वीस-तीस चुका माणसांच्या अंगावर होतात. योनिमार्गे करायच्या सोनोग्राफीचा विचार करा. हात न बसलेल्या शिकाऊकडून ती करून घेणं बाईला किती अवघड जात असेल! गर्भवतीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतात, तरी आवाजाने ऊतींत थोडी उष्णता निर्माण होते. म्हणून गरजेपुरती आणि गरजेइतकाच वेळ तपासणी करावी हा सर्वमान्य नियम आहे. सरावासाठी अर्धा-अर्धा तास प्रोब ठेवणं त्यात बसत नाही.

नकलेवर शिकवण्याची कल्पना तशी जुनी आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम दु कुद्रे ही सुईण कापड आणि कातड्याचं बाळंतिणीचं धड घेऊन गावोगावच्या सुइणींना शिकवत फिरली. राजाने १७५९ साली तिला त्यासाठी रीतसर नेमलं होतं.

फायदा होतो याचा पुरावाही आहे. डेन्मार्कमध्ये स्त्रीरोग विभागातल्या नवख्या डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एक गट आधी सिम्युलेटरवर ठरावीक पातळी गाठून मग वॉर्डात गेला, दुसरा थेट वॉर्डात. दोन महिन्यांनी दोघांनी खऱ्या पेशंटवर केलेल्या तपासण्या परीक्षकांनी तपासल्या, आणि कोण कोणत्या गटातला हे परीक्षकांना माहीत नव्हतं. डमीवर शिकलेल्यांतले बहुतेक जण उत्तीर्ण पातळीच्या वर होते आणि थेट गेलेल्यांतले फारच थोडे. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. दोन महिने दोघांनाही वॉर्डाचा सारखाच अनुभव मिळाला होता आणि तरीही फरक टिकला, हे त्यातलं महत्त्वाचं.

“मग यंत्र आणलं की झालं?”

इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. कुलूपबंद खोलीत झाकून ठेवलेला सिम्युलेटर, तपासणी पथक येण्याच्या आदल्या दिवशी पुसून ठेवलेला, हे चित्र वैद्यकीय शिक्षणात नवं नाही. २०२० च्या नियमावलीने एमबीबीएस महाविद्यालयांना स्किल लॅब आवश्यक केली ते चांगलंच झालं, पण खोली असणं आणि वेळापत्रकात तास असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रशिक्षणाचा कणा तीन गोष्टींचा. सरावाचे तास विखरून हवेत. रविवारी एकदम आठ तास करण्यापेक्षा आठवड्याला एक-दीड तास कितीतरी बरा, कारण हात मधल्या दिवसांत पक्का होतो. दुसरं, ‘इतके तास झाले’ हे माप धरू नये, ‘अमुक पातळी आली’ हे धरावं. डेन्मार्कच्याच अभ्यासांत नवशिके साधारण अडीच ते चार तासांच्या सरावात तज्ज्ञांच्या गुणांपर्यंत पोचले, म्हणजे कोणाला अडीच लागले, कोणाला चार. सगळ्यांना सरसकट तीन तास दिले तर एकाचा वेळ फुकट जातो आणि दुसरा अर्ध्या तयारीने वॉर्डात जातो. आणि तिसरं, शेजारी उभा राहून बघणारा शिक्षक. सिम्युलेटर स्वतः सुमारे दीडशे मापांचे गुण देतो, पण त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश मापंच नवशिका आणि तज्ज्ञ यांच्यातला फरक ओळखतात असं तिथे आढळलं. गुण बघून खूश होण्यात अर्थ नाही.

शिक्षकाने बघायचं ते हे : तपासणी कशासाठी हे विद्यार्थ्याला माहीत आहे का, यंत्र नीट लावलं का, चित्र सुधारून घेतलं का, ठरलेल्या क्रमाने सगळं बघितलं का, दिसलं त्याचा अर्थ बरोबर लावला का, आणि नीट नोंदवलं का. प्रत्येकाला एक ते पाच गुण. साध्या कागदावर भागतं.

कोकणातली अडचण शिक्षकांची आहे, यंत्रांची तितकी नाही. रेडिओलॉजिस्ट मोजके, आणि वॉर्डात ओढाताण. यावर एक वाट दिसते. चायनाग्रासचे फँटम आणि पाच हालचालींचे धडे प्रशिक्षित वरिष्ठ रेसिडेंटकडे (निवासी डॉक्टरकडे) सोपवावेत, आणि रेडिओलॉजिस्टचा वेळ परीक्षेसाठी आणि कठीण केसेससाठी राखावा. संगणकी सिम्युलेटर प्रत्येक महाविद्यालयाने घेण्यापेक्षा दोघा-तिघांत एक फिरवला तरी चालेल. फक्त पावसाळ्यात घाट-रस्त्यांवरून नेताना चांगली पेटी हवी आणि वीज जाते म्हणून यूपीएस हवा.

“डमीचं पोट हलत नाही, त्याचं काय?”

हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. रबराच्या पोटात वायू नसतो, खऱ्या पोटात असतो आणि तो चित्र अडवतो. डमी दुखतं म्हणून प्रोब ढकलून देत नाही, त्यामुळे विद्यार्थ्याला एकतर अजिबात न दाबायची किंवा फार दाबायची सवय लागते. सगळी डमी एकाच अंगकाठीची असतात. श्वास धरायला सांगणं हाही तपासणीचा भाग आहे, कारण मोठा श्वास घेतला की यकृत खाली येतं आणि बरगडीमागून बाहेर पडतं. मालवणातल्या आजीला “वायच मोठो श्वास घेवा आणि धरा” असं सांगायला, आणि “डॉक्टरांनु, काय दिसता?” या प्रश्नाला घाबरवल्याशिवाय उत्तर द्यायला कुठलाही सिम्युलेटर शिकवत नाही.

म्हणून डमीनंतर थेट आजारी माणूस नसतो. मध्ये निरोगी, संमती दिलेले स्वयंसेवक, बहुधा विद्यार्थी एकमेकांचेच. तिथे खरा वायू, खऱ्या बरगड्या, खरा श्वास भेटतो. मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली पेशंट. आपत्कालीन वैद्यकातल्या अमेरिकी संघटनेची शिफारस प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी तज्ज्ञांनी तपासून पाहिलेल्या २५ ते ५० सोनोग्राफींची आहे. डमीवरचा सराव ही संख्या भरून काढत नाही. मात्र त्या २५ मधली पहिली तपासणीही सफाईने व्हायला त्याची मदत होते.

लिंगनिदान कायद्याचं काय

गर्भलिंग निवडीला बंदी करणारा १९९४ चा कायदा सोनोग्राफी मशीनवर कडक नजर ठेवतो, आणि ठेवायलाच हवी. मशीन नोंदणीकृत जागीच वापरायचं आणि गर्भवतीची तपासणी कायद्याने मान्य केलेल्या कारणासाठीच करून तिची नोंद ठेवायची. ‘शिकायचं होतं’ हे त्यातलं कारण नाही. त्यामुळे प्रसूतिपूर्व सोनोग्राफी शिकण्यासाठी सिम्युलेटर भारतात इतर देशांपेक्षा जास्तच गरजेचा आहे. संगणकी सिम्युलेटरमधून आवाज निघतच नाही, त्यावर कोणाच्याही पोटातला गर्भ दिसणं अशक्य. फँटमसाठी मात्र खरं मशीन लागतं, तेव्हा ते नोंदणीकृत मशीनवर, नोंदणीकृत जागीच करायचं. सिम्युलेटर खरेदी करताना जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याला (हा कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्याला) लेखी कळवून ठेवलेलं बरं, पुढचे गैरसमज टळतात.

एमबीबीएस डॉक्टरांना सोनोग्राफी करता यावी म्हणून २०१४ च्या नियमांनी सहा महिन्यांचं, ३०० तासांचं प्रशिक्षण ठरवलं आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना याचा उपयोग होऊ शकतो. त्यातले सुरुवातीचे काही तास डमीवर खर्च केले तर उरलेल्या तासांत पेशंटकडून खूप जास्त शिकता येतं.

पेशंट म्हणून तुम्हाला काय दिसेल

शिकवणाऱ्या रुग्णालयात कधी कधी तुमच्या पोटावर दोनदा जेल लागेल. आधी शिकाऊ डॉक्टर बघेल, मग वरिष्ठ येऊन तेच पुन्हा बघतील आणि रिपोर्टवर सही त्यांची असेल. दोन्ही वेळा दिसलेलं जुळलं का, हे विद्यार्थ्याच्या नोंदवहीत लिहिलं जातं. शिकाऊ डॉक्टर आहे हे आधी सांगितलं पाहिजे आणि तुमची परवानगी विचारली पाहिजे. याने डमीवर परीक्षा दिली आहे का, असं विचारायला संकोच करू नका. आणि शिकाऊकडून तपासणी नको असेल तर तसं सरळ सांगता येतं. त्यामुळे तुमची सोनोग्राफी अडत नाही, फक्त प्रोब सुरुवातीपासून वरिष्ठांच्याच हातात राहतो.